फ्रान्सवाल्याची जोडी

शनिवार, १२ जुलै २०२५

सोडला एकदाचा! सकाळी चहाच्या आधीच गेम नेटवर चढवला. नाव ‘पट’. आता जगात कुणीही, कुठूनही ब्राउझर उघडावा आणि शंकरपटाची शर्यत पळवावी. फुकट.

खेळ सोपा आहे. जोडीत दोन बैल – डावा मोहऱ्या, उजवा गुलब्या. Z दाबला की मोहऱ्या पाऊल टाकतो, M दाबला की गुलब्या. दोघांनी बरोबरीनं पळायचं. एक पुढे सटकला की छकडा तिरपा होतो आणि वेळ जातो. खालचं लांब बटण म्हणजे हाक. चाबूक ठेवलेलाच नाही.

आईनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. स्क्रीनलाच लावलं! पुसून काढलं तर गुलब्याच्या पाठीवर पिवळा डाग राहिलाय, तो काही निघत नाही.

मग अप्पांना बोलावलं. आले. खुर्ची भिंतीपर्यंत मागे ओढून बसले, उजवा हात नेहमीसारखा पंच्यात गुंडाळलेला. मी एक शर्यत पळवून दाखवली. शेवटपर्यंत बघितली त्यांनी. मग म्हणाले, “बैल असा न्हाई पळत.” आणि उठून गेले.

बरं. हा गेम मी कुणासाठी केला ते इथे लिहायला काय हरकत आहे? दोन वर्षांपूर्वी पटात छकडा उलटला आणि अप्पांचा उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण नुसता लोंबतो. मोहऱ्या-गुलब्या त्यानंतर लगेच विकले. लाउडस्पीकरवर “टेंभुर्णीचे राधाकिसनऽऽ” असा पुकारा झाला की छाती काढून मैदानात उतरणारा माणूस! आता पट भरतो त्या रस्त्यानं जात नाहीत, लांबून वळसा घालतात. घरात कुणी पटाचा विषय काढत नाही. मला त्यांना एकदा, फक्त एकदा, जोडी हाकताना बघायचंय. बाकीचं जग खेळलं तर खेळलं.

पण पहिला दिवस असा गेला. खुर्ची भिंतीला!


सोमवार, १४ जुलै

प्रियदर्शनीचा फोन. शाळेपासूनची मैत्रीण, बदनापूरला एका वकिलाकडे दिवसभर मराठी टायपिंग करते.

“रेणे, तुझे बैल बसलेत. उठूनच न्हाई राह्यले.”

मी म्हटलं, नेट बघ. नेट बराबर. मशीन बंद करून चालू कर. केलं. दोघींनी एकमेकींचं भरपूर डोकं खाल्लं. शेवटी विचारलं, खाली कोपऱ्यात मराठी चालू आहे का गं? होतं. अर्थात होतं! ती बिचारी M दाबते, मशीन म्हणते ‘स’. माझा गेम इकडे M ची वाट बघत उभा. बैल तरी काय करतील?

मी लगेच हुशारी केली – M किंवा ‘स’, दोन्ही चालेल असं लिहून टाकलं. दुसऱ्या बटणाचंही तसंच. तिचे बैल पळाले. ती एवढ्यानं ओरडली की वकीलसाहेब बाहेर आले म्हणे.

मराठी मुलीनं केलेला मराठी गेम, आणि मराठी चालू असलं की बंद! हे ऑफिसात कुणाला सांगायची सोय नाही. घरून काम करते हे बरं आहे. पुण्याच्या कंपनीतल्या लोकांना माझं तोंड दिसत नाही.


गुरुवार, १७ जुलै

जर्मनीहून मेल!! नाचले. मग वाचला. “गेम छान आहे. पण डावा बैल माझ्या उजव्या हाताला का?”

त्यांच्या कीबोर्डवर Z आणि Y ची अदलाबदल असते. त्यांचा Z वरच्या ओळीत, उजव्या हाताच्या हद्दीत. आपल्या Z च्या जागी त्यांचा Y. म्हणजे तो बिचारा एकाच हातानं दोन्ही बैल हाकत बसला असणार आणि डावा हात रिकामा.

पुन्हा हुशारी – जर्मन असेल तर Y चालेल. आता यादीत इंग्रजी, मराठी, जर्मन. मग वाचत बसले तर फ्रेंचांचं आणखी वेगळं, तुर्कांचे तर दोन-दोन प्रकार! एकेकाला कुठवर पाटावर बसवणार मी?


शनिवार, १९ जुलै

दादाच्या दुकानात गेले होते. सुग्रीवदादा स्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो आणि परदेशात वापरून झालेले लॅपटॉप आणून विकतो. या खेपेला जर्मन आणि फ्रेंच आलेत. गिऱ्हाईक येतं, A च्या जागी Q बघतं आणि चालायला लागतं.

मागच्या खेपेला यानं काय करावं? बटणं उपटली आणि आपल्या क्रमानं परत बसवली! दोन तुटली, एक उलटं बसलं, आणि लॅपटॉप शेवटी मेव्हण्याला दिला. या वेळी शहाणा झालाय. “जे छापलंय तेच उमटू द्यायचं. सेटिंग त्यांचीच ठिवली. कटकटच नको.”

एक जर्मन टेस्टिंगला उचलून आणला. “फुटला तर खर्चा तुझा,” म्हणाला.

अप्पा दुपारचे हल्ली तिथंच असतात. पंखा आहे, पेपर आहे, येणारे-जाणारे आहेत. घरी बसून आढ्याकडे बघण्यापेक्षा बरं.


रविवार, २० जुलै

सापडलं!

जर्मन लॅपटॉपवर खेळून बघत होते, यादीतला जर्मनांचा Y काढून. अप्पा पाणी प्यायला आत आले, माझ्या हातांकडे बघितलं. “डावा बैल उजवीकडं जुंपला व्हय?” आणि पाणी पिऊन गेले.

मी तशीच बसले. आमच्या घरात बैलाला जागा असते. मोहऱ्या डावा म्हणजे डावा. उजवीकडे जुंपला की पाऊल उचलत नसे. बैल तोच, नाव तेच, हाकणाराही तोच, पण बाजू बदलली की चालणंच विसरायचा. हे मी चालायला लागल्यापासून बघत आले. आणि प्रोग्रॅम लिहिताना काय केलं? बैल अक्षराला बांधला!

बटण दाबलं की ब्राउझर दोन गोष्टी सांगतो – कोणतं अक्षर उमटलं, आणि कोणत्या जागेवरचं बटण दाबलं गेलं. अक्षर देशागणिक बदलतं, जागा बदलत नाही. खालच्या ओळीतलं डावीकडचं बटण बर्लिनला तिथंच, पॅरिसला तिथंच, बदनापूरलाही तिथंच. वर काहीही छापलेलं असो. मी आपली अक्षरच विचारत बसले होते!


मंगळवार, २२ जुलै

यादी पुसली. सगळी. इंग्रजी, मराठी, जर्मन – सगळ्यांना एकच नियम, जागा बघायची. चाळीस ओळी गेल्या, दोन आल्या. इतकं बरं वाटलं की आईला भांडी घासू लागले. आई म्हणाली, “बरी हायेस ना?”


गुरुवार, २४ जुलै

एक मिटलं की दुसरं. जर्मन माणसाचा पुन्हा मेल. आता बैल बरोबर पळतात, पण स्क्रीनवर ‘Z दाबा’ लिहिलंय आणि दाबायचा असतो Y. बरोबर आहे त्याचं! जागा पळवायला, पण सांगायला तर अक्षरच लागतं. ‘खालच्या ओळीतलं डावं बटण दाबा’ असं कुणी वाचत नाही.

तेही जमलं. काही ब्राउझर सांगतात, या जागेवर या माणसाच्या मशीनमध्ये कोणतं अक्षर आहे. ते दाखवायचं. जे सांगत नाहीत तिथे कीबोर्डचं चित्र काढून ती जागा पिवळी केली. गुलब्याच्या पाठीवरच्या डागासारखीच.

यातून मला एक गंमत मिळाली. कोणत्या मांडणीचा कीबोर्ड खेळतोय ते आता मला दिसतं. इंग्रजी इतके, जर्मन इतके. माणूस कोण, कुठल्या गावचा – ते मी घेतच नाही. मला कुणी माझं विचारलेलं आवडत नाही, तर मी कशाला विचारू? प्रत्येक मशीनला फक्त एक जोडी नंबर देते, म्हणजे जुनं कोण आणि नवं कोण ते कळतं.

अप्पा आज बघायलाही आले नाहीत.


सोमवार, २८ जुलै

फ्रान्स! फ्रान्स!!

फ्रेंच मांडणी, जोडी नंबर एकाहत्तर. दुपारी खेळला. त्यांच्याकडे सकाळ असणार. फार वाईट खेळला हो. छकडा सारखा तिरपा, मोहऱ्या पुढे आणि गुलब्या मागे लोंबकळतोय. बिचाऱ्यानं जन्मात बैलगाडी बघितली नसेल. पण सोडलं नाही. एकामागून एक शर्यती, सगळ्या हरला!

शर्यत संपली की मी विचारते, कसा वाटला, एक ते पाच आकडा दाबा. यानं आकडा नाही दाबला. नुसता एक उघडा कंस पाठवलाय.


गुरुवार, ३१ जुलै

मस्यू रोज येतात. मी त्यांना मस्यूच म्हणायला लागलेय, म्हणजे फ्रेंचमधले ‘साहेब’. रोज दुपारी, रोज वाकडीतिकडी जोडी, आणि शेवटी रोज तोच उघडा कंस.

कंस म्हणजे काय? प्रियदर्शनी म्हणते, ते अर्धं तोंड आहे, रडकं. डोळे लावायला विसरला. म्हणजे रोज नाराज होतो आणि रोज येतो? अशी माणसं असतात म्हणा. आमच्या घरात आहे एक.

जेवताना सांगितलं सगळ्यांना. आई म्हणाली, फ्रान्स म्हणजे कुठं आलं? दादाला जेवता जेवता ठसका लागला. अप्पा म्हणाले, “भाकर वाढ.”


शुक्रवार, १ ऑगस्ट

प्रियदर्शनीचं M बटण तुटलं! खेळून खेळून. वकीलसाहेबांना वाटतंय झुरळानं खाल्लं. “रेणे, दुसरं बटण दे न्हाईतर माझी नोकरी जाती.”

म्हणून आज एक सोय केली. ज्याला जे बटण हवं ते त्यानं निवडावं, डाव्या बैलाला एक, उजव्याला एक. हे पहिल्यापासून ठेवायला हवं होतं.


मंगळवार, ५ ऑगस्ट

मस्यूंनी बटणं बदलली. काय निवडलं? वरच्या ओळीतली डावीकडची पहिली दोन, एकमेकांना चिकटून! त्यांच्या कीबोर्डवर तिथे A आणि Z असतात. म्हणजे दोन्ही बैल डाव्या हाताच्या दोन बोटांवर, आणि हाक अंगठ्यानं.

आणि पळाले! छकडा सरळ. असला सरळ की मी आकडे दोनदा तपासले. आजच्या दिवसात सगळ्यांत पुढे मस्यू. तो जर्मन मागे, प्रियदर्शनी कुठच्या कुठे.

पण एका हातानं का? सकाळची वेळ त्यांची… दुसऱ्या हातात कॉफीचा कप असणार! असंच असणार. कसली ऐट आहे माणसाची. बैल पळवतोय आणि कॉफी पितोय.


बुधवार, ६ ऑगस्ट

कंसाचा उलगडा झाला. आज माझ्या मशीनला फ्रेंच सेटिंग लावून बघत होते, अक्षरं नीट दिसतात का. आकड्यांच्या ओळीत सहज पाच दाबला – उघडा कंस उमटला!

फ्रेंचांचे आकडे शिफ्ट दाबल्याशिवाय येतच नाहीत! शिफ्टविना चारवर एक चिन्ह, पाचवर उघडा कंस. मी पुन्हा अक्षरच विचारत बसले होते, जागा नाही. वाघोबासारखी छाती काढून सगळीकडे नियम लावला आणि हा एक आकड्याचा चौकोन विसरले. लगेच दुरुस्त केला.

म्हणजे रडकं तोंड नव्हतंच ते. पाच! पाचपैकी पाच! हरत होता तेव्हाही पाच, पहिल्या दिवसापासून रोज पाच!

स्वयंपाकघरात जाऊन आईला उचलायला गेले. उचलता आली नाही. अप्पा दारात होते, त्यांनाही सांगितलं. “अप्पा, फ्रान्सवाला पाचपैकी पाच देतो रोज!”

“त्याला बैलातलं काय कळतंय,” म्हणाले आणि पंचा सावरत बाहेर गेले.

राग आला. थोडा. त्या माणसाला निदान पाच तरी देता येतात.


शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. दादाला म्हटलं, ओवाळणीत तो फ्रेंच लॅपटॉप दे, तपासायला बरा पडेल.

“त्यो सोडून कायबी माग.”

“विकायचाय का?”

“एकच ऱ्हायलाय. दुकानात लागतो.”

साडी दिली. हिरवी. मला हिरवा आवडत नाही हे त्याला चांगलं माहीत आहे.


सोमवार, ११ ऑगस्ट

जेवताना अप्पा अचानक म्हणाले, “छत्रीला बैल बुजत न्हाई. ढोलाला बुजतो.”

तिसऱ्या मैदानात गर्दीत एक लाल छत्री उघडते आणि गुलब्या बुजतो, हे मी केलंय खरं. पण तिसरं मैदान मी घरात कुणाला दाखवलेलंच नाही. दादानं सांगितलं असणार. दुकानात बसून दोघं माझ्या गेमची टिंगल करतात तर!

तरी छत्री काढली, ढोल घातला. कारण खरं सांगायचं तर ते बरोबर आहे. माणूस पटाबद्दल एक वाक्य बोलला, दोन वर्षांत पहिल्यांदा. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आईनं त्यांना न विचारता आणखी एक भाकर वाढली.


बुधवार, १३ ऑगस्ट

मस्यूंना ढोल आवडला. तिसऱ्या मैदानात विक्रम!


शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडा, जिलबी. मस्यू आज दणकून खेळले, नेहमीच्या दुप्पट. बघितलं तर फ्रान्समध्येही आजच्या दिवशी सुट्टी असते! सगळं जुळतं. आता त्यांचं घरसुद्धा माझ्या डोळ्यासमोर येतं – एक खिडकी, टेबल, कप, आणि एक पिकल्या मिशांचा माणूस. एकदा मेल करावासा वाटतो. पण पत्ता नाही. मीच घेत नाही ना पत्ते.


मंगळवार, १९ ऑगस्ट

आज रडले. लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

आई पोळ्याची मातीची बैलजोडी ठेवायला कोनाडा पुसत होती. मी सहज म्हटलं, अप्पांनी गेमला एकदा तरी हात लावायला हवा होता. एवढं मी त्यांच्यासाठी केलं.

आई पुसता पुसता म्हणाली, “त्याला दोन हात लागत्यात ना गं? त्याला दोन हात कुठून आणू?”

बस. फडकं कोनाड्यात फिरत राहिलं, तिनं वळूनही बघितलं नाही. रागानं बोलली नव्हती. पिंपळगाव रेणुकाईची ती, तिथल्या देवीचं नाव मला दिलं, आणि मला आजवर मोठ्यानं कधी बोलली नाही.

Z एका टोकाला, M दुसऱ्या टोकाला. डाव्या बैलाला डावा हात, उजव्याला उजवा. जर्मनांचा विचार केला, तुर्कांचा केला, तुटलेल्या बटणाचा केला. ज्याच्यासाठी केला त्याचा एक हात पंच्यात असतो, हे मी रोज बघते! आणि पहिल्याच दिवशी त्यांना समोर बसवून म्हटलं, बघा अप्पा. म्हणून खुर्ची मागे ओढली त्यांनी. आणि मी महिनाभर रुसून बसलेय.


गुरुवार, २१ ऑगस्ट

रडणं संपलं, काम झालं.

माझ्याच लॅपटॉपवर अप्पांसाठी जोडी तयार केली. बटणं कुठली द्यायची याचा फार विचार करावा लागला नाही – मस्यूंचीच घेतली! डावीकडची वरची दोन आणि अंगठ्याला हाक. फ्रान्समध्ये एक जण कॉफी पिता पिता त्याच्यावर विक्रम करतो, तर आमच्या अप्पांना काय अवघड आहे? डाव्या हाताची दोन बोटं, बस. उद्या पोळा. पुरणपोळीनंतर समोर ठेवणार.

संध्याकाळी खांदेमळणी. आमच्या गोठ्यात बैल नाहीत, तरी अप्पा शेजारी रखमाजीकाकांकडे गेले. मी गच्चीतून बघितलं. डाव्या हातानंच बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते. बैल मान खाली घालून उभा. किती वेळ चोळत होते कोण जाणे.


शुक्रवार, २२ ऑगस्ट – पोळा

मिरवणूक झाली, मारुतीला चक्कर झाली, पुरणपोळ्या झाल्या. मग मी लॅपटॉप नेऊन अप्पांच्या मांडीवरच ठेवला. बोलायचं खूप ठरवलं होतं, तोंडातून निघालं एवढंच – “अप्पा, एका हाताची जोडी केलीय. चुकलं माझं. आधी सुचलं नाही.”

अप्पांनी बटणांकडे बघितलं. डावी दोन मी पिवळ्या रंगानं रंगवली होती. बराच वेळ बघत होते. मग लॅपटॉप अलगद मिटला.

“आज न्हाई.”

“का?”

“आज पोळा हाय. आज बैलाला जू न्हाई ठिवत.”

“अप्पा, ते काय खरे बैल आहेत का!”

“नाव मोहऱ्याच ठिवलंस ना?” म्हणाले. “मंग.”

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही हसू आलं. लॅपटॉपच्या झाकणावर आईनं गुलाल टाकला, आणि एक पुरणपोळीचा तुकडाही ठेवणार होती, तो मी खाल्ला. नाही म्हणाले पण ‘आज’ नाही म्हणाले. मला तेवढं पुरे.

संध्याकाळी आकडे बघितले. जर्मनी जोरात, तुर्कांचं खातं उघडलं, प्रियदर्शनी आहेच. मस्यू नाहीत. एकही शर्यत नाही! आल्यापासून एक दिवस कधी चुकला नाही त्यांचा. बरं नसेल का? पोळ्याच्या दिवशी मी एका फ्रेंच माणसाच्या काळजीत. पुरणपोळ्या जास्त झाल्यात, दुसरं काय.


शनिवार, २३ ऑगस्ट

अप्पा जेवून दुकानात गेले. थोड्या वेळानं फ्रान्स सुरू झालं. काल पोळ्याला बंद, आज चालू!

ओट्यावरची भांडी तशीच टाकून मी स्टँडकडे पळाले. दुकानाच्या मागच्या खिडकीतून बघितलं. उजवा हात पंच्यात. डावा हात त्या फ्रेंच लॅपटॉपच्या बटणांवर. मान पुढे, आणि तोंडानं बारीक आवाजात “हौ, हौ, मोहऱ्या, हौ.” दादानं मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आले तशी परत आले. रस्ताभर डोळे पुसत, हसत.

घरी येऊन बसले तर मस्यूंचे पाचपैकी पाच आले होते.

संध्याकाळी अप्पा आले, पाय धुतले, पाणी प्यायले. माझ्या खुर्चीमागे जरा थांबले. म्हणाले, “बैल असा न्हाई पळत.”

“बरं अप्पा,” मी म्हटलं.